ठिणगी वेळेवर पडावी म्हणून: आधुनिक मोटारीच्या इग्निशन व्यवस्थेची निगा

आजच्या पेट्रोल मोटारीचे स्पार्क प्लग झिजत आले, तरी गाडी बराच काळ कसलीच तक्रार करत नाही. सकाळी ती पहिल्याच स्टार्टला सुरू होते, रस्त्यावर नीट पळते आणि चालवणाऱ्याला सगळे ठीक असल्यासारखे वाटते. जुन्या गाड्यांत असे नव्हते. प्लगवर थोडी काजळी धरली किंवा विजेचा प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटमधले अंतर जरा बदलले, की गाडी मिसिंग मारू लागे (ठिणगी चुकून झटके देई), पिकअप पडे आणि मालकाला बॉनेट उघडणे भागच पडे. आजच्या व्यवस्थेत संगणक, सेन्सर आणि प्रत्येक प्लगवर बसवलेली स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठीचा विजेचा दाब तयार करणारे वेटोळे) मिळून ही झीज कितीतरी महिने झाकून ठेवतात. झाकलेल्या झिजेचा भार मात्र कोणावर तरी पडतोच, आणि तो सर्वांत जास्त पडतो कॉइलवर. म्हणूनच स्वस्त प्लग वेळेवर बदलणे हीच महागड्या कॉइलची खरी निगा आहे. असे का, हे कळण्यासाठी ठिणगी तयार कशी होते ते आधी पाहावे लागेल.

बारा व्होल्टपासून तीस हजार व्होल्टपर्यंत

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते, पिस्टन वर सरकताना ते दाबले जाते आणि पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते पेट घेते. डिझेल इंजिनात नुसत्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते, त्यामुळे तिथे स्पार्क प्लग नसतो आणि या लेखातले बहुतेक काही त्या गाड्यांना लागू नाही. प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. उघड्या हवेत एवढी फट ओलांडायला विजेला तीन ते पाच हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूत तीच फट ओलांडणे कितीतरी अवघड असते, आणि तिथे दहा हजारांपासून तीस हजार व्होल्टपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, विजेचा दाब लागतो. टर्बो असलेल्या इंजिनात सिलिंडरमधल्या वायूचा दाब आणखी वाढत असल्याने त्यांच्या प्लगची फट मुद्दाम कमी ठेवलेली असते.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यापासून इतका मोठा दाब तयार करण्याचे काम इग्निशन कॉइल करते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यात जाड तारेचे शंभर-दोनशे वेढे असतात आणि दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे साधारण त्याच्या शंभरपट. बॅटरीचा प्रवाह पहिल्या वेटोळ्यातून दोन ते चार मिलिसेकंद वाहू दिला जातो. तेवढ्या वेळात तो सहा ते दहा अँपिअरपर्यंत चढतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. मग तो प्रवाह एकदम तोडला जातो. जोरात वाहणारा नळ झटक्यात बंद केला की पाइपात धक्का बसतो, तसाच धक्का इथे विजेच्या दाबाला बसतो. क्षेत्र कोसळताना पहिल्या वेटोळ्यातच तीन-चारशे व्होल्ट उमटतात आणि दुसऱ्यात त्याच्या शंभरपट, म्हणजे तीस-चाळीस हजार व्होल्ट उमटू शकतात.

यातला ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कॉइल दर वेळी आपला पूर्ण दाब देत नाही. दाब चढत जातो आणि ज्या क्षणी फटीतला वायू हार मानून वीज वाहू देतो, त्या क्षणी तो चढायचा थांबतो. नव्या प्लगला बारा हजार व्होल्ट पुरत असतील, तर कॉइल बारा हजारांवरच थांबते. प्लग झिजून फट वाढली की त्याच कॉइलला वीस, पंचवीस हजारांपर्यंत चढावे लागते. ठिणगी पडते, गाडी चालते, चालवणाऱ्याला काही कळत नाही. पण कॉइलच्या आतल्या विद्युतरोधक थरांवर दर ठिणगीगणिक जास्त ताण येत राहतो. शिवाय कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा ठरावीकच असते. फट ओलांडण्यातच तिचा मोठा वाटा खर्ची पडला, तर ठिणगी टिकायचा वेळ घटतो. निरोगी ठिणगी एक ते दोन मिलिसेकंद टिकते आणि मिश्रण नीट पेटण्यासाठी तिला तेवढा अवधी मिळणे गरजेचे असते.

ठिणगी कधी पाडायची, हा वेगळा प्रश्न. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर आधारलेली व्यवस्था १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी तयार केली, आणि तिचेच सुधारत गेलेले रूप पुढे साठेक वर्षे जगभरच्या गाड्यांत वापरले गेले. तिच्यात प्रवाह तोडण्याचे काम उघडझाप करणारे पॉइंट करत आणि वीज योग्य प्लगकडे वळवण्याचे काम फिरणाऱ्या रोटरचा डिस्ट्रिब्युटर करे. १९७० च्या दशकात पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला, आणि आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसवलेली असते. लांबलचक हाय टेन्शन वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, कंडेन्सर अशा झिजणाऱ्या किंवा ओल धरणाऱ्या कितीतरी वस्तू त्यामुळे कायमच्या गेल्या.

वेळ ठरवण्याचे काम आता इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, करतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टवर दातेरी चक्र असते. पुष्कळ इंजिनांत त्यावर साठ दात्यांची जागा आखून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. क्रँक सेन्सर हे दाते मोजतो आणि गाळलेल्या जागेवरून पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला समजते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचा सेन्सर कोणत्या सिलिंडरची पाळी आहे ते सांगतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो आणि ईसीयूला ठिणगीची वेळ याच मापात सांभाळायची असते. नॉक सेन्सर सिलिंडरमधली खडखड टिपतो, आणि ती ऐकू आली की ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडून इंजिनाचे रक्षण करतो. या सगळ्यामुळे हाताने टायमिंग जुळवणे हा प्रकार बहुतेक आधुनिक गाड्यांत उरलेलाच नाही. टायमिंग बिघडले असेल, तर दोष सेन्सरमध्ये, टायमिंग चेन किंवा बेल्टमध्ये अथवा इंधनाच्या प्रतीत शोधायचा असतो.

प्लग झिजतो म्हणजे काय होते

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे आणि इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्या घेत आहे असे धरू. चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक प्लगवर एकदा ठिणगी पडते, म्हणजे मिनिटाला, आणि पर्यायाने एका किलोमीटरला, १,२०० ठिणग्या. चाळीस हजार किलोमीटरमध्ये एकेका प्लगवर ४ कोटी ८० लाख ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचे अगदी सूक्ष्म कण उडवून नेते. टोकाच्या धारदार कडा गोलावतात, फट रुंदावते, आणि या दोन्ही गोष्टींमुळे लागणारा दाब वाढतो, कारण वीज धारदार कडेवरून सहज उडी घेते आणि गुळगुळीत गोल टोकावरून तिला ती जड जाते.

ही झीज किती वेगाने होईल हे इलेक्ट्रोडच्या धातूवर अवलंबून असते. साध्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते. प्लॅटिनमचा वितळणबिंदू १,७६८ अंश आणि इरिडियमचा सुमारे २,४४६ अंश. इरिडियम इतके कठीण आणि उष्णतेला टिकणारे असल्यामुळे त्याचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक करता येते, आणि बारीक टोकावर ठिणगी कमी दाबात पडते. म्हणून साधे प्लग बहुधा २०,००० ते ४०,००० किलोमीटरला बदलावे लागतात, तर चांगल्या प्रतीचे प्लॅटिनम किंवा इरिडियमचे प्लग ८०,००० ते १,००,००० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. मात्र डब्यावर ‘इरिडियम’ लिहिले आहे एवढ्यावरून एक लाखाचा हिशेब धरू नये. काही प्लगमध्ये मधल्या इलेक्ट्रोडलाच इरिडियमचे टोक असते आणि समोरचा इलेक्ट्रोड साध्या निकेलचा असतो. असा प्लग एका बाजूने का होईना, लवकर झिजतो. शेवटचा शब्द गाडीच्या माहितीपुस्तिकेचा.

सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांत हा हिशेब आणखी आखडावा लागतो. वायुरूप इंधनाच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो, आणि पेट्रोलवर कुरकुर न करणारा प्लग गॅसवर घेताच झटके देऊ लागतो, हा पुष्कळ चालकांचा अनुभव असतो. अशा गाडीत गॅसवरच मिसिंग येत असेल आणि पेट्रोलवर येत नसेल, तर गॅस किटची खोलात जाऊन तपासणी करण्याआधी प्लग काढून पाहणे शहाणपणाचे आहे.

प्लग निवडताना नुसते आटे जुळून भागत नाही. प्रत्येक प्लगला उष्णतेची एक श्रेणी असते. ज्याच्या टोकाची उष्णता सिलिंडर हेडकडे लवकर वाहून जाते त्याला ‘थंड’ प्लग म्हणतात आणि ज्याची सावकाश जाते त्याला ‘गरम’. ठिणगीच्या ताकदीशी या शब्दांचा काही संबंध नाही. प्लगचे टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, आणि ते ८५०-९०० अंशांच्या पलीकडे गेले तर ठिणगी पडण्याआधीच तापलेल्या टोकामुळे मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. इंजिन बनवणाऱ्यांनी या दोन मर्यादांमध्ये बसणारी श्रेणी निवडलेली असते. आपण तिच्यात फेरफार करण्याचे काही कारण नाही. प्लगच्या आट्यांची लांबी चुकली तर प्रकरण याहून गंभीर होते. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो आणि आखूड प्लगची ठिणगी मिश्रणापर्यंत नीट पोहोचत नाही. आजच्या गाड्यांच्या प्लगमध्ये साधारण पाच हजार ओहमचा रोधही बसवलेला असतो. तो ठिणगीमुळे निर्माण होणाऱ्या रेडिओलहरी दाबतो. तो नसलेला प्लग बसवला तर रेडिओत खरखर येतेच, शिवाय सेन्सरच्या संदेशांतही गोंधळ होऊ शकतो. नामांकित प्लगच्या नकलाही बाजारात असतात, त्यामुळे खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत.

प्लग बदलताना

ज्यांच्या गाडीत कॉइल आणि प्लग वरून सहज दिसतात त्यांना हे काम घरी करता येण्यासारखे आहे. ज्या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरमध्ये हवा नेणारा भाग) काढल्याशिवाय मागच्या प्लगपर्यंत हात जात नाही, तिथे ते जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे. स्वतः केले काय आणि गॅरेजमध्ये करून घेतले काय, पुढच्या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, कारण या कामातले बहुतेक नुकसान घाईमुळे होते.

इंजिन पूर्ण थंड असावे. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि गरम असताना प्लग फिरवला तर त्याचे आटे प्लगबरोबर निघून येऊ शकतात. मग दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. इग्निशन बंद करून, किल्ली काढून मगच कॉइलला हात लावावा. कॉइलचा कनेक्टर इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून ठिसूळ झालेला असतो, म्हणून त्याची कडी बोटाने नीट दाबून तो सोडवावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला की कडी तुटते, मग कनेक्टर ढिला बसतो आणि खड्ड्यांतून जाताना मधूनच मिसिंग येऊ लागते. बोल्ट काढल्यावर कॉइल सरळ वर ओढू नये. आधी डावी-उजवीकडे किंचित फिरवून तिच्या रबरी नळीची प्लगवरची पकड सैल करावी, मग ओढावी. कोणती कॉइल आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, हा क्रम राखून ठेवावा. पुढे निदानासाठी तो उपयोगी पडतो.

प्लग सोडवण्याआधी त्याच्या विहिरीतली, म्हणजे तो ज्या खोल खळग्यात बसतो तिथली, धूळ दाबाच्या हवेने उडवून टाकावी. नाहीतर प्लग निघताच ती माती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग नेहमी हातानेच आट्यांत बसवावा, पान्याच्या जोरावर नव्हे. सॉकेटला फक्त एक्स्टेन्शन जोडून बोटांनी फिरवला असता तो सहज काही वेढे आत गेला पाहिजे. दोन वेढ्यांत अडला तर आटे तिरके लागले आहेत असे समजून तो मागे घ्यावा.

मग येतो कसण्याचा प्रश्न, आणि इथे अंदाजाने काम करणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे. प्लग ढिला राहिला तर त्याची उष्णता हेडकडे जात नाही आणि टोक अवाजवी तापते. जास्त कसला तर आटे खराब होतात किंवा प्लगचा धातूचा भाग ताणला जाऊन आतल्या चिनी मातीला तडा जातो. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर इतका ताण द्यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरचा नवा प्लग हाताने टेकवून वर अर्धा ते दोन तृतीयांश वेढा, आणि वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग जेमतेम एक सोळांश वेढा फिरवावा. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावण्याची सवय सोडून दिलेली बरी. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर गंज न धरणारा मुलामा असतो, आणि निसरड्या आट्यांवर टॉर्क रेंचचा आकडा तोच दिसला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त कसला जातो.

फट तपासायची असेल तर साध्या प्लगची ती फिलर गेजने मापून जुळवता येते. इरिडियमच्या प्लगचे बारीक टोक मात्र ठिसूळ असते. नाण्यासारखे गेज फटीत दाबून फिरवण्याची जुनी पद्धत वापरली तर ते टोक तुटते. असे प्लग योग्य फटीसहच येतात. खोक्यात पडझड झाली नसल्याची डोळ्यांनी खात्री करावी आणि तसेच बसवावेत. चारातला एकच प्लग बदलणे टाळावे, सगळे एकत्रच बदलावेत.

काढलेले जुने प्लग लगेच टाकून देऊ नयेत, कारण सिलिंडरच्या आत काय चालले आहे ते त्यांच्यावर उमटलेले असते. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन नीट आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, ठिणगी कमजोर आहे किंवा गाडी नेहमी इतक्या कमी अंतरावर वापरली जाते, की प्लग तापून स्वच्छ व्हायलाच सवड मिळत नाही. ओला, तेलकट काळेपणा पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील यांतून ऑइल आत येत असल्याचे सांगतो. टोक पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे दिसले तर इंजिन किंवा प्लग जास्त तापत आहे; त्याचे कारण शोधल्याशिवाय नवे प्लग बसवून उपयोग नाही. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल, तर दोष सगळ्या इंजिनाचा नसून त्याच सिलिंडरचा आहे.

एका डागाने मात्र अनेकांची फसगत होते. प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर, धातूच्या कडेलगत, तपकिरी वलय दिसते आणि सिलिंडरमधला वायू तिथून गळतो आहे असा समज होतो. प्रत्यक्षात उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रामुळे हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. तो डाग निरुपद्रवी असतो. याउलट पांढऱ्या भागावर वरून खाली गेलेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती गंभीर समजावी. वीज फटीतून न जाता बाहेरून धातूकडे पळाली आहे, असा तिचा अर्थ. कॉइलच्या रबरी नळीतही तशीच रेघ उमटलेली असते, म्हणून प्लग आणि नळी दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलले तर जुन्या भागावरची रेघ नव्याला खराब करते.

कॉइलचे शत्रू

झिजलेल्या प्लगचा ताण सोडला तर कॉइलचे तीन शत्रू: उष्णता, तेल आणि पाणी. उष्णतेपुढे आपले फारसे काही चालत नाही, कारण कॉइल इंजिनाच्या डोक्यावरच बसलेली असते. तेल बहुधा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅसकेटमधून किंवा प्लगच्या विहिरीभोवतीच्या सीलमधून झिरपते. कॉइल बाहेर काढल्यावर तिची नळी तेलाने माखलेली दिसली तर नुसती पुसून परत बसवणे म्हणजे दुखणे लांबवणे. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि वीज बाहेर निसटू लागते. आधी गॅसकेट आणि सील बदलावे, विहीर कोरडी करावी, मग कॉइल बसवावी.

पाण्याचे संकट बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो. दाबाच्या पाण्याने इंजिन धुण्याने बॉनेटखालचा भाग चकचकीत दिसतो खरा, पण ते पाणी प्लगच्या विहिरीत साचते, कनेक्टरमध्ये शिरते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी तीन सिलिंडरवर धावू लागते. इंजिन स्वच्छ ठेवायचे असेल तर ओल्या फडक्याने पुसावे. इतके करूनही पाणी गेलेच, तर कॉइल काढून विहिरी आणि नळ्या पूर्ण वाळवाव्यात. ओल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत राहू नये. प्लग बदलताना नळीच्या आतल्या कडेला विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला तर नळी प्लगला चिकटत नाही आणि ओलही आत शिरत नाही.

बॅटरी आणि अर्थिंग यांना इग्निशनचा भाग मानले जात नाही, पण ठिणगीची ऊर्जा तिथूनच येते. बॅटरीचा दाब पडला की कॉइलमधला प्रवाह सावकाश चढतो. ईसीयू तो जास्त वेळ वाहू देऊन भरपाई करतो, परंतु या भरपाईला मर्यादा आहे. पूर्ण चार्ज झालेली, विश्रांतीत असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर गाडी सुरू न होण्याचे कारण प्लगमध्ये शोधण्याआधी बॅटरी तपासावी. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल, तर लक्षणे अगदी कॉइल खराब झाल्यासारखीच दिसतात.

मिसिंग आल्यावर

दर ठिणगीनंतर क्रँकशाफ्टला एक छोटा धक्का मिळून त्याचा वेग क्षणभर वाढतो. एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटले नाही तर तो धक्का चुकतो. क्रँक सेन्सरमुळे ईसीयूला हे समजते, कोणता सिलिंडर चुकला तेही समजते, आणि मग डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. ओबीडी-२ नावाची प्रमाणित पद्धत अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली आणि तिच्यातले कोड आता जगभर ओळखीचे झाले आहेत. हे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०१ दिसले तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण न पेटणे), पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी०३०० म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरमध्ये किंवा अनियमितपणे. पी०३५१ पासून पुढचे कोड त्या त्या कॉइलच्या विद्युतमार्गातला दोष दाखवतात.

चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर त्याचा अर्थ वेगळा आणि तातडीचा आहे. मिसफायर इतका होत आहे, की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत आहे. कन्व्हर्टरचे तापमान त्यामुळे एक हजार अंशांच्या पलीकडे जाऊ शकते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळून मार्गच बुजतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करून, सुरक्षित जागी थांबून गाडी बंद करावी. घरापर्यंत कशीतरी नेऊ, हा विचार इथे फार महागात पडतो, कारण कन्व्हर्टरची किंमत पाहता त्याच्यापुढे चारही कॉइल स्वस्त वाटतात.

कोड हाती आला म्हणजे सुटा भाग विकत घ्यायची वेळ आली, असे नाही. पी०३०२ एवढेच सांगतो की दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकले. दोष कॉइलचा असेल, प्लगचा असेल, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा असेल किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशनच (मिश्रणावरचा दाब) कमी असेल. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यामुळे निदानाचा एक सोपा मार्ग मात्र उपलब्ध झाला आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे. पी०३०२ च कायम राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करावी. दोन्हींनंतरही दोष जागचा हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन यांकडे वळावे. अर्ध्या-पाऊण तासाच्या या कामामुळे पुष्कळ निष्पाप कॉइल फेकल्या जाण्यापासून वाचतात, आणि जे गॅरेज ते न करता थेट चार नव्या कॉइलचे बिल पुढे ठेवते त्याला कारण विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

चालू इंजिनातल्या एकेका प्लगची वायर उपटून कोणता सिलिंडर बंद आहे ते ओळखण्याची जुनी पद्धत मात्र आजच्या गाडीवर कधीही वापरू नये. वाट न मिळालेली तीस-चाळीस हजार व्होल्टची वीज कॉइलच्या आतला विद्युतरोध फोडते, ईसीयूमधले कॉइल चालवणारे ट्रान्झिस्टर जाळू शकते, आणि माणसाच्या हातातूनही जाऊ शकते. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनपासून दूरच राहावे.

एक लक्षण वेगळे नोंदवायला हवे, कारण त्याचा दोष नेहमी प्लग-कॉइलच्या माथी मारला जातो. गाडी तासभर उत्तम चालते, इंजिन तापल्यावर एकाएकी बंद पडते, स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही, आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. चारही कॉइल एकाच क्षणी मरून एकाच क्षणी जिवंत होणे जवळपास अशक्य आहे. अशा वेळी क्रँक सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. तापल्यावर त्याच्या आतली तार तुटल्यासारखी वागते, दात्यांची मोजणी थांबते आणि पिस्टन कुठे आहे हेच न कळल्यामुळे ईसीयू ठिणगी पाडणे बंद करतो. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत स्टार्टर फिरवताना स्कॅनरवर इंजिनाचा वेग शून्यच दिसला, तर संशय जवळजवळ पक्का होतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी लगेच ताब्यात घेऊ नये. बऱ्याच स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी पाहता येते. इंजिन पूर्ण तापवून, थोडा चढ आणि थोडा वेग मिळेल अशा रस्त्यावर फेरी मारून ती मोजणी पाहावी. कमजोर कॉइल उभ्या गाडीत निर्दोष वाटते आणि चढावर, सिलिंडरमधला दाब वाढल्यावरच उघडी पडते. सगळ्या सिलिंडरचे आकडे शून्यावर स्थिर राहिले, की प्लगचा नेमका क्रमांक आणि ते बसवल्याचे किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या बदलाची वेळ त्या नोंदीवरून ठरवता येते.